डिझेल स्वस्त पडतं

मूर्खपणा करायला वय लागत नाही म्हणतात. मला गाडी लागली. चोपन्नाव्या वर्षापर्यंत मी साताऱ्यात बऱ्यापैकी शहाणी म्हणून खपत होते. सकाळी एसटीने वाईला शाळेत जायचं, मुलींना भूगोल शिकवायचा, संध्याकाळी एसटीने परत यायचं. वीस वर्षं हेच. वाटेत मटार सोलून व्हायचे, वह्या तपासून व्हायच्या, लिंब खिंडीत एक डुलकी व्हायची. मग मी एक जुनी डिझेल गाडी घेतली, आणि लोकांना माझ्याविषयी खरी माहिती मिळाली.

गाडी घेण्याचं कारण असं. आमची एकुलती एक मुलगी सांगलीला दिलेली, हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरात. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातवा लागला की जाऊन ओटी भरलेली मुलगी घेऊन यायची. विहीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "पाठवू की हो, का नाही पाठवणार? पण एसटीनं नाही हं पाठवत आमच्यात. तुमच्याकडे गाडी नाही ना... बघू, काहीतरी करू."

ते 'काहीतरी करू' मला लागलं. आमचे हे म्हणाले, "एका दिवसाची तर गोष्ट. भाड्याची गाडी करू." पण भाड्याच्या गाडीतून विहिणीच्या दारात उतरायचं म्हणजे उसनी पैठणी नेसून हळदीकुंकवाला जाणं, असं त्या बाईंचं मत पडलं. त्या बाई म्हणजे तेव्हाची मी. तिचा-माझा आता फारसा संबंध राहिलेला नाही, पण ओळख दाखवावी लागते.

गाडी एका मिस्त्रीकडे विकायला होती. रंग पांढरा, म्हणजे कधीकाळी. मिस्त्रीने बोनेट उघडून दाखवलं. "इंजान बगा बाई. डिझेल हाय, मरत न्हाई."

"धूर जरा जास्त वाटतो हो."

"धूर न्हाई बाई, ताकद हाय ती."

ज्याने गाडी विकली तोच ती दुरुस्तही करणार, ह्याचा मला केवढा आधार वाटला! बोकडाला खाटीक ओळखीचा निघाल्यावर वाटावा तेवढा. निघताना त्याने मंत्र दिला. "डिझेल गाडी उभी ठिवायची न्हाई. रोज पळवा. जेवडी पळवाल तेवडी स्वस्त पडती."

झालं. चार महिन्यांनी एकदाच सांगलीला न्यायची गाडी, ती मी रोज वाईला न्यायला लागले. ह्यांनी विचारलं, "म्हणजे दिवाळीला चकली खायची म्हणून आतापासून रोज भाजणी दळायची?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं. डिझेल स्वस्त पडतं."

डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा खरंच बरंच स्वस्त होतं. फक्त मी आधी पेट्रोलच्या गाडीने जात नव्हते, एसटीने जात होते. ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही असं म्हणता येणार नाही. ह्यांनी रोज सांगितली.

रोज सकाळचा सोहळा बघण्यासारखा असे. चावी अर्धी फिरवायची. समोर एक पिवळा दिवा लागतो, म्हणजे हीटर तापतोय. दिवा विझल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. तो विझेस्तोवर माझा एक कप चहा होई. मग स्टार्टर मारला की गाडी खोकल्याची उबळ यावी तशी दोनदा हले आणि गप्प होई. बॅटरी नवीन घातली, तरी तेच. पण सातारकर माणूस अशाने खचत नाही. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. घराबाहेर पाऊल टाकलं की एक तर चढ, नाही तर उतार. गाडी उताराकडे तोंड करून लावायची, चाकाखाली दगड. सकाळी ह्यांनी पायजम्यावर येऊन दगड काढायचा, मी गाडी घरंगळू द्यायची, सेकंडला टाकून क्लच सोडायचा. एक गचका, एक काळा ढग, आणि गाडी सुरू. समोरच्या घरातल्या आजी त्या वेळी खिडक्या लावून घेत. मी समजत होते, त्यांना थंडी वाजते.

वाईलाही मी उतार शोधला. नदीकडे जाणाऱ्या एका गल्लीत सापडला. तिथून शाळा पंधरा मिनिटं चालत. एसटी स्टँडवरून सात मिनिटं लागायची.

खर्चाचं काय सांगू? बाळंतपणासाठी म्हणून बाजूला काढलेले पैसे होते. डिंक, खारीक, खोबरं, मालिशवाली, दवाखाना. डिंकाचे पैसे इंजिनच्या नोझलमध्ये गेले. खारीक-खोबऱ्याची क्लचप्लेट आली. पंप उतरवून कराडला धाडावा लागला, त्यात मालिशवाली गेली. येता-जाता टोल होताच, आणि ऑइल तर ती गाडी जावयाने चहा प्यावा तशी पीत होती. दरवेळी मिस्त्री म्हणायचा, "आता बगायचंच न्हाई बाई." आणि बरोबर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं मिळून बघायचो. हे एकदा जेवताना म्हणाले, "मुलगी आली की तिला डिंकाच्या लाडवाऐवजी एकेक नट-बोल्ट देऊ या. घरातलेच आहेत." मी तीन दिवस बोलले नाही. त्यांना तेवढीच विश्रांती.

ह्याशिवाय जे गेलं त्याची पावती नव्हती. डुलकी गेली. मटार घरी येऊन सोलायची वेळ आली. माझ्या सगळ्या साड्यांना डिझेलचा वास लागला. घंटेच्या आधीच वर्गातल्या मुली म्हणत, "बाई आल्या!" मी समजत होते, मुलींना माझी ओढ आहे. वीस वर्षं शेजारी बसून एसटीने येणाऱ्या दोन मैत्रिणींना मी मोठ्या थाटात गाडीत घेतलं. त्या एकदा आल्या. दुसऱ्या दिवशी एक म्हणाली, "अगं, मला एसटीत जरा विणकाम करायचं असतं." दुसरीला विणता येत नव्हतं. ती म्हणाली, "मला ते बघायचं असतं."

पण हे सगळं मी एका गोष्टीवर सोसत होते. विहिणीच्या दारात स्वतःची गाडी उभी राहणार, तिच्यात माझी मुलगी बसणार, आणि मी तिला माझ्या घरी आणणार. एवढं झालं की पैसे वसूल.

मार्च उजाडला. मी रजा टाकली. ह्यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, "मी घरीच थांबतो. दोघांपैकी एकाने तरी घरी असावं." तेव्हा मी गेले एकटी. कराड, पेठ नाका करत सांगलीत शिरले, आणि तिथे माझ्या लक्षात आलं की भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी नकाशा कधी नीट बघितलाच नव्हता. सांगली म्हणजे पोळपाट. उतार नाही!

विहीणबाईंच्या घराभोवती मी तीन चकरा मारल्या. त्या गच्चीतून बघत होत्या. शेवटी घराला लागून असलेल्या त्यांच्या वखारीसमोर हळदीची पोती चढवायला केलेला सिमेंटचा उतार दिसला. जीव भांड्यात पडला. गाडी उलटी वर चढवली, चाकाखाली दगड ठेवला.

"अहो, तिकडे कुठं लावता? दारात लावा की," विहीणबाई वरून म्हणाल्या.

"नको, इथे सावली आहे."

संध्याकाळचे सात वाजले होते.

डोहाळजेवण झालं. सकाळी ओटी भरली, ओवाळायला गल्लीतल्या बायका जमल्या. मुलीने पदरात नारळ-तांदूळ सांभाळत उंबरा ओलांडला. आता माघारी फिरायचं नसतं. मी वखारीकडे बघितलं, तर उतार मोकळा. आणि गाडी दारात, सपाट रस्त्यावर, धुवून पुसून लख्ख उभी.

वखारीतला थोरला हमाल हात जोडून पुढे आला. "पोती उतरवायची हुती बाई. म्हणलं, पावण्यांची गाडी हाय, ढकलून दारात आणून लावली. धुवूनबी काढली."

सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीही केलं. दुसरं काय करणार?

मुलीला मागे बसवलं. पिवळा दिवा लागला, विझला. स्टार्टर मारला. उबळ आली, गेली. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा तर उबळही आली नाही.

"काय झालं हो?" विहीणबाई.

"थंडीनं होतं असं."

"मार्चमध्ये? सांगलीत?"

थोरल्या हमालाने अंदाज बांधला होता. त्याने आणखी तिघांना हाक मारली. "सेकंडला टाका बाई. म्या सोडा म्हणलं की सोडा."

"थांबा!" विहीणबाई खाली उतरून आल्या. "माझ्या सुनेला आत बसवून ढकलताय? उतर गं बाई तू आधी."

मुलगी उतरली. चौघांनी लावला जोर. वीस पावलांवर हमाल ओरडला, "सोडा! आवं सोडा की!" मी क्लच सोडला, गचका बसला, आणि आतापर्यंत साठवलेली सगळी ताकद त्या गाडीने मागे सोडली. आरशात मला काही क्षण गल्लीच दिसेना. मग धुरातून आधी निरांजन दिसलं, मग विहीणबाई. साडी मोतिया रंगाची होती. सकाळी.

आता गंमत अशी, की पाय उचलला की इंजिन बंद पडणार. म्हणून मला खाली उतरता येईना. मागे सगळ्यांची बोलाचाली सुरू झाली, आणि इंजिनच्या आवाजात मला एक शब्द कळेना. माझी मुलगी कुठे बाळंत होणार हे वीस पावलांवर ठरत होतं, आणि मी ॲक्सिलरेटर दाबत बसले होते. शेवटी हमालच मध्यस्थ झाला. पळत आला.

"बाई, त्या म्हंत्यात, पोरगी हितंच ऱ्हाऊ दे."

"त्यांना म्हणावं, पहिलं बाळंतपण माहेरीच! रिवाज आहे!"

तो गेला, परत आला. "त्या म्हंत्यात, रिवाज हाय खरा, पर त्यात धूर न्हाई."

तेवढ्यात मुलगीच आली. पदर नाकाला लावून, दुसऱ्या हाताने नारळ धरून खिडकीशी वाकली. "आई, मी सांगितलंय त्यांना, मी येणार आहे. त्यांची गाडी काढतायत. तू ही बंद कर आणि खाली उतर. आपण दोघी मागे बसून जाऊ."

"अगं, बंद केली तर परत सुरू व्हायची नाही."

"नको होऊ दे."

"इथे टाकून कशी येऊ? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

चांगला प्रश्न होता. वर्गात कुणी एवढा चांगला प्रश्न विचारला असता तर मी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

"आई, मला बोलायचंय तुझ्याशी. चल ना."

"घरी बोलू की. तू हो पुढे, मी आलेच मागून."

तिने नारळ पुन्हा पदरात घेतला. "बरं," म्हणाली आणि गेली. विहीणबाईंचा आवाज मात्र आता इंजिनवर चढला. "सातव्या महिन्यातली पोर एकटी कशी पाठवू? मी येते सोडायला!"

मी आधी निघाले, कारण माझी सुरू होती. आष्ट्याच्या अलीकडे त्यांच्या गाडीने मला मागे टाकलं. काच खाली होती. मुलीचं डोकं विहीणबाईंच्या खांद्यावर होतं, आणि त्या मान वाकवून काहीतरी ऐकत होत्या. मी हॉर्न वाजवला. तो तेवढा चांगला वाजत असे. दोघींपैकी कुणी वर बघितलं नाही.

कराडच्या अलीकडे इंजिन तापलं. बोनेट उघडून तासभर बाभळीखाली उभी राहिले. पुन्हा ढकलायला चार माणसं जमवली, त्यांना रामायण सांगितलं. घरी पोचले तेव्हा दुपार टळून गेली होती.

माझ्या स्वयंपाकघरात विहीणबाई पदर खोचून उभ्या होत्या. साडी बदललेली, माझी. माझा रवा शोधून त्यांनी सांजा केला होता, आणि आमचे हे तो तिसऱ्यांदा वाढून घेत होते. आतल्या खोलीत मुलगी माझ्या पलंगावर गाढ झोपली होती.

"या, या," विहीणबाई मला म्हणाल्या. "हात-पाय धुवा. दमला असाल. बसा, चहा टाकते."

मी बसले. पाहुण्या बसतात त्या खुर्चीवर.

"झोपू दे तिला," चहा गाळताना त्या हळू आवाजात म्हणाल्या. "महिनाभर रात्रीची झोप नाही पोरीला. फार घाबरलीय. तिच्या मैत्रिणीचं काहीतरी वाईट झालं म्हणे बाळंतपणात, ते मनात घेऊन बसलीय. आमच्या घरात कुणालाच बोलली नव्हती. आईला सांगीन म्हणून ठेवलं होतं तिनं. गाडीत रडली, सगळं सांगितलं. आता बरं वाटतंय तिला." मग कप माझ्यापुढे ठेवत विचारलं, "तुम्हाला काही बोलली होती का हो?"

"नाही," मी म्हटलं.

चहाला साखर कमी होती. डबा समोरच्या फळीवर होता, हात पुढे केला तर मिळाला असता. तशीच प्याले.