अस्वलाच्या खंदकातले इष्टलिंग

संक्रांतीनंतरच्या रविवारी, दुपारी बाराला दहा मिनिटे कमी असताना, पुण्यातल्या एका प्राणिसंग्रहालयात माझ्या वडिलांच्या गळ्यातले इष्टलिंग अस्वलाच्या खंदकात पडले.

आम्ही पाच जण होतो. वडील, ज्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात, आई, माझी बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि मी. चौसाळ्याहून भाड्याची गाडी करून शनिवारी पुण्यात आलो होतो. अप्पांचे वय चौऱ्याहत्तर. किराणा दुकान लागोपाठ दोन दिवस बंद ठेवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मुलीने वहीच्या पानावर यादी केली होती: वाघ, अस्वल, मगर, शनिवारवाडा, मिसळ, आइस्क्रीम. मिसळ तिने सकाळीच खाल्ली. अप्पांनी साडेसहाला पूजा केली, मधुमेहाची गोळी घेतली आणि चहाबरोबर दोन बिस्किटे खाल्ली. मिसळ त्यांना नको होती. दुपारी थाळी जेवायचे ठरले होते.

आमच्या घरात दीक्षेत मिळालेले लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. माणसाला पुरताना तेही बरोबर जाते. ते हरवले तर गुरूंकडून दुसरे मिळेपर्यंत तोंडात पाणीही घ्यायचे नाही, असा नेम आहे. बहुतेकांना तो नुसता ऐकून माहीत असतो. अप्पा तो पाळणारे आहेत.

लिंग एरवी चांदीच्या डबीत असते. निघताना मीच म्हणालो, गर्दीचे शहर आहे, गळ्यात चांदी नको. आईने डबी कपाटात ठेवली आणि लिंग धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यातल्या दोऱ्याला अडकवले. मुलीला अस्वल दाखवायला अप्पा कठड्यावरून वाकले, तेव्हा ती पुडी सदऱ्यातून बाहेर आली आणि गाठ सुटली. दोरा गळ्यातच राहिला.

पुडी कोरड्या खंदकात, कठड्यापासून सुमारे पंधरा फूट खाली, स्पष्ट दिसत होती. अस्वल पलीकडे कडुनिंबाखाली झोपले होते.

"आवं, काय पडलं?" आईने विचारले.

अप्पांनी छातीला हात लावला.

मी रखवालदाराला बोलावून आणले. त्याने कठड्यावरून पाहिले आणि पाटीकडे बोट केले. "काका, आत काही टाकू नये, एवढं मोठं लिहिलंय."

"टाकलं न्हाई, बाबा. पडलंय," अप्पा म्हणाले.

"मोबाइल आहे का?"

"देव हाय," आई म्हणाली.

रखवालदाराने पाटीकडचा हात खाली घेतला. मग त्याने सांगितले की अस्वल पाच वाजता खोलीत जाते. दार लागल्यावरच माणूस उतरतो. त्याआधी साहेबांनी सांगितले तरी कोणी उतरणार नाही. आकडी लावून काढता येईल का, असे मी विचारले. तेवढ्या लांबीची आकडी त्यांच्याकडे नव्हती. वरून काही हलले तर अस्वल उठून येईल, असेही तो म्हणाला.

बारा वाजले होते. अप्पा म्हणाले, "पाचपस्तोर थांबू."

"आणि जेवण?" बायकोने हळूच विचारले.

"तुमी जेवून या. मी हितंच हाय."

कोणी गेले नाही. आईने शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या आणल्या होत्या. एक वाजता बायको मुलीला पाणपोईमागे घेऊन गेली आणि तिला तिथे उभ्याने खाऊ घातले. परत आल्यावर मुलीने स्वतःच्या गळ्यातली लिंगाची पितळी डबी काढून पुढे धरली.

"आजोबा, माझं घ्या. मला परत द्या मग."

"गळ्यात घाल पयलं," अप्पा म्हणाले. "ज्याचं त्याचंच असतं, माय. दुसऱ्याचं चालत न्हाई."

आम्ही एकाच जागी उभे आहोत हे पाहून लोक गोळा होऊ लागले. रविवार होता. "काय दिसतंय? पिल्लू आहे का?" असे विचारत माणसे पोरांना खांद्यावर घेऊन कठड्याशी येत होती. काही नाही, असे मी सांगत होतो. कोणाला ते पटत नव्हते. एक बाई म्हणाल्या, "सांगायचं नसेल तर सांगू नका, पण जागा तरी द्या."

दीड वाजता अस्वल उठले. ते खंदकात उतरले, भिंतीच्या कडेने हुंगत पुडीपाशी आले आणि त्याने तिच्यावर जोरात फुंकर मारली. लोक हसले. बऱ्याच जणांनी मोबाइल वर धरले. अस्वलाने नखाने पुडी दोनदा उलटवली, फडके तोंडात धरले आणि ते घेऊन कोपऱ्यातल्या दगडांमागे गेले. आत लिंग होते की वाटेत पडले, हे कठड्यावरून कळले नाही.

अप्पांनी डोळे मिटले होते. "गेलं का?" त्यांनी विचारले.

"दगडामागं हाय," मी म्हणालो. मला ते माहीत नव्हते.

दोन वाजता त्यांच्या कपाळावर घाम दिसला. सावलीत बऱ्यापैकी गारवा होता. मी दवाखान्यात जाऊ म्हणालो. त्यांनी कठड्याचा गज धरला. आईने पदराच्या गाठीतली खडीसाखर काढली.

"एक खडा. अवशद म्हणून. म्या सांगते ना."

"तू सांगतीस हे खरं," अप्पा म्हणाले, "पण दीक्षा तू दिली न्हाईस."

म्हणून मी गुरूंच्या मठात फोन लावला. महाराजांनी सगळे ऐकून घेतले. संकटात दोष नाही, पाणी घ्या, साखर घ्या, उद्या मी स्वतः येतो, असे ते म्हणाले. मी फोन अप्पांच्या कानाला लावला. त्यांनी दोन्ही हात जोडले, ऐकले, "शरणार्थ" म्हणाले आणि फोन परत दिला.

"महाराज लई मोठं हायेत. पर ते मठात हायेत अन् मी हितं. लिंगाबिगर पाणी कसं पिऊ?"

"अप्पा, त्यांनीच सांगितलंय!"

"माझ्यावर दया करून सांगितलंय. तुला कळत न्हाई कावून?"

साडेतीनला त्यांनी मुलीला "अक्का" म्हणून हाक मारली आणि गाय बांधली का असे विचारले. अक्का ही त्यांची थोरली बहीण. ती वारून बरीच वर्षे झाली आहेत. मुलगी माझ्याकडे बघू लागली. "हो, बांधली," ती म्हणाली.

चारला पाच कमी असताना अप्पा कठड्याला पाठ लावून खाली बसले आणि हाकेला ओ देईनासे झाले. रखवालदाराने फाटकावरची चाकाची खुर्ची आणली. त्याने आणि मी त्यांना उचलून बसवले; त्याने माझा नंबर घेतला. गाडी बाहेरच होती. दहा मिनिटांवरच्या रुग्णालयात रक्तातली साखर मोजली, ती अडतीस होती; सत्तरच्या खाली धोका असतो. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज द्यायला सुरुवात केली. त्यांनी फक्त गोळीचे नाव विचारले; नेमाचे मी काही सांगितले नाही.

वीस मिनिटांनी अप्पांनी डोळे उघडले. हाताची सुई पाहिली, मग वर टांगलेली बाटली.

"ह्यात काय हाय?"

आईने मला डोळ्याने खुणावले. मी सांगितले, "साखरेचं पाणी."

"तोंडातून दिलं का काय?"

"न्हाई. सुईतूनच."

"मंग चालतंय की." त्यांनी हात सरळ केला. "दोन वाजताच सुईचं सांगितलं असतं तर आलो असतो."

साडेपाचला रखवालदाराचा फोन आला. अस्वल खोलीत गेल्यावर तो आणि त्याचा जोडीदार खाली उतरले होते. फडके दगडांमागे मिळाले. लिंग खंदकात नव्हते, दगडांत नव्हते, खोलीतही नव्हते. सोमवारी सकाळी झाडताना पुन्हा बघतो, असे तो म्हणाला.

रविवारी सकाळी घेतलेल्या गोळीचा असर दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, म्हणून रात्रभर बाटली चालू ठेवली. अप्पांनी तोंडाला काही लावले नाही. डॉक्टरांना आणखी एक दिवस ठेवायचे होते. स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर मी सही केली आणि सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. वाटेत तीन ठिकाणी बोटाला सुई टोचून साखर तपासली. एकशे तीस, एकशे चार, ब्याऐंशी. अप्पा मागच्या सीटवर पडून होते. मुलगी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसली होती.

साडेनऊला रखवालदाराचा फोन आला. काही मिळाले नव्हते.

दीड वाजता आम्ही घरी पोहोचलो. महाराज ओसरीवर बसले होते. अप्पांना बसता येत नव्हते, म्हणून मी त्यांना पाठीमागून धरले आणि तसेच धरलेले असताना महाराजांनी नवे लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले. विधीला पंचवीस मिनिटे लागली. दोन वाजून पाच मिनिटांनी अप्पा अर्धा पेला पाणी प्यायले.