आमच्या दगडांवरचं गवत

साहेब माझ्या बापावर उभा राहिला आणि त्यानं बुटाचं शेण घासलं.

आधी उजवा बूट घासला, मग डावा. मग टाच आपटून पाहिली, निघालं का सगळं. आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "यहाँ तो कुछ भी नहीं है. पत्थर और घास."

आम्ही तिथंच होतो. सगळी वस्ती. ओळीनं, हात जोडून. आई शेजारी होती, तिनं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी पिचली.

बापावर उभा राहिला म्हणजे काय, ते सांगते. मी शाळा पाहिली ती बाहेरून. अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून. तेव्हा मांडणी मागं-पुढं होईल, पण गोष्ट खोटी होणार नाही.

इंदूरजवळच्या राऊच्या पुढं महूच्या सडकेवरून आत वळलं की आमची टेकडी. माथ्यावर सरदारांची छत्री, काळ्या दगडाची, कोरीव, कोपऱ्यांना हत्ती. त्या घराण्यातला कुणी लढाईत पडला, त्याच्या समाधीवर बांधलेली. आणि खालच्या उतारावर आमचे दगड. आम्ही घसियारे. फौजेबरोबर दख्खनेतून आलो ते विळा घेऊन. घोडा गवतावर पळतो, आणि गवत कापायला आमच्या लोकांना फौजेच्याही पुढं, परक्या रानात जावं लागायचं. वाकलेल्या माणसाला मारायला काय लागतं? किती गेले, कुणी मोजलं नाही. त्यांना छत्री कोण बांधणार! एकेक दगड लावला, त्यावर विळा कोरला, शेंदूर फासला. झालं.

लढाया संपल्या, रीत राहिली. आमच्यात कुणी गेलं की त्याचा दगड टेकडीवर. पहिलं वर्ष दगड आडवा ठेवायचा, निजलेला. वर्ष भरलं की उभा करायचा. आई म्हणायची, गेलेलं माणूस दमलेलं असतं, निजू द्या त्याला वर्षभर.

बा आदल्या नवरात्रात गेला. सरदारांच्या गोठ्यासाठी गवत कापताना पान लागलं, साप डसला. गवताचा भारा बंगल्यावर वेळेत पोचला, बा पोचला नाही. त्याच्या दगडावरचा विळा मी कोरला. भाऊ नव्हता मला. छिन्नी घसरायची, विळा जरा वाकडा आला. पण होता तो बाचाच.

साहेब त्याच्यावर उभा राहिला.

आता तुम्ही विचाराल, एवढा शेंदूर लावलेला दगड, एवढा विळा कोरलेला, आणि साहेबाला दिसला कसा नाही? आजूबाजूला कितीतरी दगड उभे, तेही दिसले नाहीत? नाही दिसले. कारण आम्ही त्यांच्यावर गवत टाकलं होतं.

ती पण एक रीत होती. दसऱ्याला सरदारांकडची मंडळी छत्रीच्या पूजेला यायची. वाट आमच्या दगडांमधून वर जाते. लाल दगड पाहून सरकारांची घोडी बुजते, म्हणून त्या दिवशी पहाटे आम्ही दगडांवर कापलेलं गवत टाकायचो. मंडळी वर जायची, पूजा करायची, उतरून निघून जायची. मग आम्ही गवत काढून आपला नारळ फोडायचो. कुणाच्या आज्याच्या पणज्यापासून असं चाललं होतं. मी लहानपणी बाला विचारलं होतं, "आता तर सरकार मोटारीतून येतात. मोटार काय बुजते होय?" बा हसला होता. हसून गवत टाकत राहिला.

तेव्हा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरची मोठी मंडळी रुसून बसली होती. सरदारांची जहागीर गेली, टेकडी सरकारी झाली. पण आमच्यासाठी सरदार ते सरदारच. तात्यासाहेब म्हणायचे त्यांना. आणि सडका व्हायला लागल्या, सडकांना गिट्टी पाहिजे, म्हणजे दगड फोडून खडी. एका ठेकेदारानं आमच्या टेकडीची खदान मागितली.

तात्यासाहेब चिडले. त्यांच्या पूर्वजाची छत्री! वकील, मास्तर, जुन्या घरांतली माणसं गोळा करून त्यांनी समिती केली. टेकडी वाचवा. सभा घ्यायच्या तर माणसं पाहिजेत, आणि माणसं म्हणजे आम्ही. बैलगाड्या भरून आम्हाला इंदूरला नेलं. कचेरीसमोर आम्ही ओरडलो, "टेकडी आमची आहे!" घसा बसला माझा. समितीतली मंडळी सावलीत खुर्च्यांवर होती, आम्ही उन्हात. तरी बरं वाटलं. आमची आहे, असं मोठ्यानं म्हणायला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग भोपाळच्या सरकारनं साहेबाला पाहायला पाठवलं. खरंच काही जुनं आहे का टेकडीवर, ते पाहून या म्हणाले.

आदल्या संध्याकाळी मोठेबा वस्तीत फिरले. बाचे थोरले भाऊ, वस्तीचे मुकादम. म्हणाले, मोठा साहेब येणार, तात्यासाहेबही येणार, पहाटेच गवत टाकून घ्या. कुणी विचारलं नाही का म्हणून. मोठं माणूस येतं तेव्हा आमचे दगड झाकायचे असतात, एवढं आम्हाला आईच्या दुधातून माहीत. जे दाखवायला पाहिजे होतं, तेच आम्ही झाकलं. नीट, काळजीनं. बाचा दगड आडवा, तो तर पार दिसेनासा झाला.

साहेब आला, शेणात पाय पडला, दगडाची कड टणक लागली म्हणून त्यावर चढला, बूट घासले. वर जाऊन छत्रीचे हत्ती पाहिले, वाहवा केली, चहा घेतला, गेला.

आठवडा झाला नसेल. मोठेबांना बंगल्यावर बोलावणं आलं. मी पण गेले, ते नको नको म्हणत असताना गेले. आम्ही ओसरीच्या पायरीखाली उभे. तात्यासाहेब वर आरामखुर्चीत. आमच्यासाठी ठेवलेले पितळेचे पेले कोनाड्यातून काढून चहा दिला. पेला आपणच धुऊन पालथा घालायचा, ते सांगावं लागायचं नाही.

तात्यासाहेब खुशीत होते. म्हणाले, काम झालं. छत्री वाचली, छत्रीभोवतीची जागा वाचली, खदान फक्त खालच्या उतारावर होणार. ठेकेदाराशी बोलणं झालंय, मजुरीला पहिली माणसं तुमच्या वस्तीतली घेणार. आपल्याच टेकडीवर काम, लांब जायला नको.

मोठेबांनी मान डोलावली. बघा, मान डोलावली त्यांनी. सवयीनं.

मी म्हणाले, "सरकार, खालच्या उतारावर आमची माणसं आहेत."

"काय आहे म्हणतेस? साहेबांनी स्वतः पाहिलं. खाली काही नाही."

"गवत टाकलं होतं, म्हणून दिसलं नाही."

"मग कोणी सांगितलं होतं टाकायला?" तात्यासाहेब हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "मी सांगितलं? विचार तुझ्या काकाला. तुमचे दगड तुम्हीच झाकता, आणि आम्हाला दिसत नाहीत म्हणता. अशी वेडी जात आहे तुमची."

मोठेबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते.

मला आजही ते हसणं ऐकू येतं. कारण तो माणूस खरं बोलला होता. त्या दिवशी कुणी हुकूम दिला नव्हता. हुकूम कधीचाच आमच्या हाडात शिरला होता, आता तो द्यायची गरज उरली नव्हती. कुणी येतंय म्हटलं की आम्ही आपणहून वाकायचो, आपणहून झाकायचो, आपणहून पेला धुवायचो. आणि वर हे विचारणार, कोणी सांगितलं होतं?

मी पेला धुतला नाही. तसाच पायरीवर ठेवला, चहाच्या गाळासकट. मोठेबा तो उचलायला वाकले. मी म्हणाले, "राहू दे मोठेबा." एवढंच. ते उचलूनच आले.

वाटेत ते म्हणाले, "पोरी, यांच्याच अन्नावर जगलो आपण."

मी म्हणाले, "नाही. यांची घोडी आपल्या गवतावर जगली."



दसरा जवळ होता. बाचं वर्ष भरत आलं होतं. मी घरोघर गेले. बायकांकडे. पुरुष मोठेबांच्या शब्दाबाहेर जाणार नव्हते. काही बायकांनी दार लावून घेतलं. एकीनं तोंडावर सांगितलं, तुझं काय, तू बापाची एकटी, आमची पोरं त्या बंगल्यावर कामाला आहेत. खरं होतं तिचं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी विळा घेऊन तीच आधी आली.

आम्ही अख्खा उतार कापला. मुळापासून. गवताचा एक भारा टेकडीवर ठेवला नाही, सगळं खाली वस्तीत. दगड धुतले, शेंदूर लावला. आणि बाचा दगड आई आणि मी, दोघींनी उभा केला. वाकड्या विळ्यासकट.

सकाळी मोटार आली. तात्यासाहेब, समितीतले दोन-तीन वकील-मास्तर, आणि पाहुणा म्हणून कोण? तोच साहेब. हार घातलेला. छत्री वाचवली म्हणून सत्कार होता त्याचा वर.

मोटार वाटेत थांबली, कारण वाटेत आम्ही बायका उभ्या होतो. दोन्ही बाजूंना लाल दगड. उतारभर. साहेब उतरला, बघतच राहिला.

तात्यासाहेबांचा तोल गेला. सगळ्यांसमोर ते आमच्यावर कडाडले, "गवत का टाकलं नाही?"

झालं. कोणी सांगितलं होतं, ते त्यांनीच सांगून टाकलं.

मी म्हणाले, "आजपासून नाही टाकणार."

एक वकील मध्ये पडले. बाई, आज सणाचा दिवस, पाहुण्यांसमोर तमाशा नको, बाजूला व्हा. पुढं म्हणाले, हे साधे दगड आहेत, यांना इतिहास म्हणत नाहीत. समितीतला माणूस हा! आमच्या घशानं ओरडून घेतलं होतं यांनी, टेकडी आमची आहे म्हणून.

साहेब माझ्याकडे पाहून म्हणाला, "लेकिन उस दिन तो ये सब नहीं था."

"था साहब," मी म्हणाले. "आप मेरे बाप पे खड़े थे. जूता पोंछा था आपने." आणि दगड दाखवला.

त्यानं दगडाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे. मला वाटलं काही म्हणेल. तो म्हणाला, "अब तो प्रस्ताव जा चुका है," आणि मोटारीत बसला.

मोटार वर गेली नाही. मागं वळली. त्या दसऱ्याला छत्रीची पूजा झाली नाही, आणि त्याचं खापर आमच्यावर फुटलं. बंगल्यावरची सगळी कामं सुटली. समितीनं आमचं नाव काढून टाकलं. ठेकेदाराची माणसं चुन्याची रेघ मारायला आली, आम्ही दगडांना पाठ लावून बसलो. पोलिसांनी उचललं, सोडलं की परत येऊन बसलो. तान्ही मुलं घेऊन बसलो. आमच्याच वस्तीतली माणसं दुरून आम्हाला शिव्या द्यायची, मजुरी घालवली म्हणून.

जिंकलो असं मी म्हणणार नाही. पूर्वेच्या अंगाची खदान झालीच. तिथं जे दगड होते त्यांची गिट्टी झाली आणि सडकेत गेली. त्या सडकेवरून मी चालते तेव्हा पायाखाली कोण आहे, ते मला माहीत असतं. बाकी उतार राहिला, तो आम्ही उठलो नाही म्हणून. कुणाला दया आली म्हणून नाही.

मोठेबा माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. ते गेले तेव्हा त्यांचा विळा मीच कोरला. तोवर हात बसला होता. वर्ष भरल्यावर त्यांना उभं केलं आणि मी म्हणाले, मोठेबा, आता कुणीही आलं तरी असंच उभं राहायचं.

परवा पुन्हा मोजणीची माणसं आली होती. टेकडीखाली जीप लावून, नकाशा पसरून. त्यातला एकजण माझ्याकडे आला, गोड बोलायला लागला. अम्माजी, वरची छत्री सुरक्षित राहील, काळजी करू नका. उद्या मोठे साहेब पाहायला येणार आहेत.

मी म्हणाले, येऊ दे की. गवत कापलेलं आहे.