एका रात्रीचं माहेर

दौंडच्या रेल्वे कॉलनीत ऑक्टोबर म्हणजे रोजरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. चर्चमधली मरियामातेची मूर्ती महिनाभर कॅथलिक घरांतून फिरायची. एका घरी एक रात्र, दुसऱ्या संध्याकाळी पुढचं घर. मेणबत्त्या घेऊन सगळे गाणी म्हणत तिच्यामागं निघायचे. मूर्ती उचलायचा मान मात्र घरच्या आईचा. या घरची आई ती पुढच्या घरापर्यंत न्यायची, त्या घरची आई उंबऱ्यावर उभी राहून हातात घ्यायची. तमिळ आंटी तिला अबोलीचा गजरा घालायची, आम्ही नगरकडची मराठी माणसं झेंडूची माळ घालायचो. मूर्ती प्लास्टरची होती, निळ्या झग्याची, नाकाचा शेंडा उडालेला. पण ती घरात आली की माझे वडीलसुद्धा हळू बोलायचे, आणि एरवी शंटिंगच्या कामामुळं त्यांना ओरडूनच बोलायची सवय होती.

मी नऊ वर्षांची असताना माझी आई काविळीनं गेली. मातीच्या दिवशी चर्चच्या सिस्टरांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "रडू नकोस बाळ. आता मरियामाता तुझी आई." लहान मुलीची समजूत घालतात तशी त्यांनी घातली असेल. मी ते शब्दशः घेतलं. त्या ऑक्टोबरात आमच्या घरी मूर्ती घ्यायला बाईमाणूस नव्हतं, म्हणून मीच उंबऱ्यावर उभी राहिले. मूर्ती चांगलीच जड होती. तिला पोटाशी धरून आत नेलं आणि आईला सांगायचं राहिलेलं सगळं तिला सांगितलं. भात करपतो, वडील जेवताना बोलत नाहीत, माझी वेणी शेजारची आंटी फार घट्ट घालते. ती ऐकत होती याबद्दल मला शंका नव्हती. आजही नाही.

पुढच्या मे महिन्यात वडिलांनी दुसरं लग्न केलं. ती कवठे येमाईकडची, एका वस्तीवरची. तिथं ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उंच, काटक, बोलणं कमी. भाकरी थापताना स्वतःशीच 'नमो मरिये' पुटपुटायची. शेजारणी मला शिकवायच्या, "तिला आई म्हण." मी म्हणायची, मला आई आहे. एक कबरस्तानात, एक स्वर्गात. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर व्हेकन्सी नव्हती.

मी तिला हाकच मारत नसे. "ऐका," एवढ्यावर काम भागवायची. तीही कधी आग्रह करत नसे, आणि याचाच मला जास्त राग यायचा. भांडायला तरी समोर कोणी हवं ना.

ऑक्टोबर लागला तशी मला एकच काळजी लागली, मूर्ती कोण घेणार. वडिलांची ही नवी बायको एकदा उंबऱ्यावर उभी राहिली आणि मूर्ती तिच्या हातात गेली की अख्ख्या कॉलनीच्या देखत ती या घरची आई झाली असती. मग माझं काय राहिलं? मी वडिलांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "घरात बाई असताना पोरीनं कशाला घ्यायची?" तिनं ते ऐकलं आणि परात घासत राहिली.

मग मी एक युक्ती काढली. त्या संध्याकाळी मूर्ती गोव्याच्या आंटीच्या घरून येणार होती. मी आधीच तिथं जाऊन बसले. आंटीचे गुडघे दुखायचे. तिनं मूर्ती उचलली तशी मी दोन्ही हात पुढं केले, "आंटी, मी नेते." तिनं खुशीनं दिली. आता उंबऱ्यावर कोणी का उभं असेना, मी मूर्ती कुणाच्या हातात देणारच नव्हते. सरळ आत घेऊन जाणार होते.

आमच्या दारात ती उभी होती. डोक्यावर पदर, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

"थांब. आत येऊ नको," ती म्हणाली.

मी मूर्ती घट्ट धरली. "मीच आत नेणार."

"ने की. कोण न्हाई म्हणतंय? पण लेक बाहेरनं आलीया, अशी कोरड्या पायानं घरात घ्यायची का?"

लेक. माझ्या आईला, साक्षात देवाच्या आईला ही बाई लेक म्हणत होती. मागं रांग थांबली. पुढं काय झालंय हे मागच्यांना कळेना, म्हणून त्यांनी संपलेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. प्रार्थना सांगणारे एक वयस्क गृहस्थ पुढं आले आणि म्हणाले, "बाई, ही आपल्यातली रीत नाही."

"आमच्या वस्तीवर हीच हाय, मामा," ती म्हणाली. "वरीसभर सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकती ती. कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी. तिला बी एक रात माहेर नको व्हय?"

 मामा मेणबत्ती सावरत मागं सरकले.

ती खाली वाकली आणि मूर्तीच्या पायांकडं बघत जरा विचारात पडली. "हिच्या पायावर घातलं तर रंग जायचा. तू आणलीस न्हवं तिला? मग तुझ्याच पायावर घालते." आणि तिनं माझ्या दोन्ही पायांवर पाणी घातलं. पाणी कोमट होतं. म्हणजे तिनं ते आधी चुलीवर ठेवलं होतं. तुकडा तिनं मूर्तीवरून ओवाळला, मग तोच माझ्यावरून, आणि बाजूला टाकला. ओली बोटं मूर्तीच्या डोळ्यांना लावली, मग माझ्या.

आई गेल्यापासून माझ्या डोळ्यांना कोणाचा हात लागला नव्हता. मी रडायला लागले. मूर्ती हातात, त्यामुळं डोळे पुसताही येईनात. तमिळ आंटी कौतुकानं म्हणाली, "कितनी भक्ती है बच्ची में." मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण? बघितलं. लोकांच्या लेकी यायच्या तवा त्यांच्या दारात उभं राहून बघायची."

"तुमचं नाही केलं कधी कोणी?"

"मी रांगत हुते तवाच आई गेली. आबा हायेत, भावजया हायेत. पण तांब्या घिऊन दारात कोण येतंय?" हे तिनं खडा काढून टाकावा तितक्या सहज सांगितलं.

आईविना पोर म्हणजे फक्त मी, असं मी धरून चालले होते. दीड वर्ष ते दुःख मी एकटीच्या मालकीचं करून ठेवलं होतं, आणि ही बाई जन्मभर तेच घेऊन आमच्या घरात भाकरी थापत होती. तरीही मी तिला आई म्हटलं नाही. हट्ट असा एका तांब्यानं वाहून जात नाही.

आता मी शिक्रापूरला राहते. ट्रक गेला की खोलीची भिंत हलते आणि भिंतीवरची मरियामातेची तसबीर वाकडी होते. शेजारणी विचारतात, तुम्ही हिला देव मानता का? मी सांगते, नाही हो, आई मानतो. देवापुढं माणूस जरा जपून बोलतो. आईला मात्र गृहीतच धरतो. ती येणार, ती ऐकणार, ती उपाशी राहिली तरी चालेल. आईलाही कोणीतरी दारात घ्यायला यावं लागतं, हे मला त्या वस्तीवरच्या बाईनं शिकवलं.

त्या ऑक्टोबरनंतरच्या जानेवारीत निरोप आला की तिचे आबा अंथरुणाला खिळलेत. ती गावी गेली. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिच्या येण्याचा निरोप नाही. आबा गेल्याचं तेवढं कळलं. शेजारणी कुजबुजायला लागल्या, येते की नाही कोण जाणे, इथं तिचं आहे तरी कोण. भात पुन्हा करपायला लागला. मला धास्ती बसली. मरियामातेकडं मी तोवर आई कधी मागितली नव्हती, तीच माझी आई होती. त्या दिवसांत मात्र मी मागितलं, तिला परत पाठव. मागताना जरा लाज वाटली, पण ऐकणारीला वाईट वाटलं असेल असं वाटत नाही.

एका दुपारी ती खिडकीतून दिसली. शिरूरला एसटी बदलून, स्टँडपासून चालत आलेली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. मी आत पळाले. सकाळी मी जन्मातली पहिली भाकरी केली होती, एका बाजूला जळलेली. तिचा तुकडा मोडला, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले.

"थांबा. आत येऊ नका."

ती पायरीखालीच थांबली. तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मी तिला घरात घेत नाही. हातातली पिशवी खाली न ठेवता ती तशीच उभी राहिली. मग तिला माझ्या हातातला तांब्या दिसला, आणि कोण पाव्हणं आलंय म्हणून ती मागं वळून बघायला लागली.

मागं कोणीच नव्हतं.

"आई, पाय पुढं कर," मी म्हणाले. पाणी गारच होतं, तापवायला वेळ मिळाला नव्हता.