देवरावांच्या गाडीत बिडी नव्हती

साधनाताईंनी मला दोन पानं लिहायला सांगितली आहेत. त्यांच्या वडिलांना, देवराव मुनेश्वरांना, जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. त्या निमित्तानं घरचे लोक एक लहानशी पुस्तिका छापणार आहेत. "बाबूजी, तुम्ही बाबांसोबत अठरा वर्षं काम केलं, तुम्हाला सगळं माहीत," असं त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि तीन आठवडे कागदाला हात लावला नाही.

मला देवरावांबद्दल फार थोडं माहीत आहे. मूळचे झरीकडचे, पण गाव कोणतं ते मी कधी विचारलं नाही. गाडी कुणाजवळ शिकले, ठाऊक नाही. शाळा किती झाली तेही नाही. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही मात्र पूर्ण नावाची करत, हळूहळू, जीभ दातात धरून. अठरा वर्षांत मी एकदाही त्यांच्या घरी पाणी प्यायलो नाही. त्यांनी बोलावलं नव्हतं असं नाही. आम्ही बामणाच्या घरातले, वडील कचेरीत होते, आणि मी स्वतःला सुधारलेला समजत असलो तरी ऐन वेळी काहीतरी काम निघायचं. मी बुकिंग क्लार्क, ते ड्रायव्हर. आमच्या मध्ये एक टेबल होतं, आणि जे मला माहीत आहे ते त्या टेबलावरून दिसलं तेवढंच.

त्या काळी पांढरकवड्यात हायवेच्या कडेनं पाच-सहा ट्रान्सपोर्टची ऑफिसं होती. आमची पैनगंगा लॉरी सर्व्हिस. मालक उत्तमसिंग, त्यांना सगळे शेट म्हणत. सात लॉऱ्या होत्या. गाड्यांना आम्ही नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांनी ओळखत असू. देवरावांची सत्तावन्न. हैदराबादकडून येताना ती नाक्यावर गिअर बदलायची तो आवाज मला खुर्चीत बसून कळायचा. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आमचा मुख्य माल म्हणजे रुईच्या गाठी. कापसाची सरकी काढून रुई दाबणाऱ्या इथल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघायच्या, आदिलाबादवरून खाली सूतगिरण्यांना जायच्या.

रुईची गाडी चालवणं वेगळं असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. जिनमध्ये कापसासोबत एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी पडते. ती ठिणगी प्रेसमध्ये दाबली गेली, तर गाठीच्या पोटात दोन-दोन, चार-चार दिवस धुमसत राहते. वरून काही दिसत नाही. हवा लागली की पेटते. म्हणून आग लागल्या दिवशीच्या गाठी वेगळ्या काढून मैदानात ठेवायच्या, असा रिवाज होता. आणि देवरावांचा स्वतःचा एक रिवाज होता. ताडपत्री पडण्याआधी ते गाडीवर चढत आणि प्रत्येक गाठीला हाताची मागची बाजू लावून पाहत. मधल्या फटींत नाक घालून वास घेत. अर्धा-पाऊण तास लागायचा. हमाल खाली ताटकळत.

हमालांचा मुकादम धावजी खालून ओरडायचा, "डॉक्टरसाहेब, ताप हाय का एखादीले? गोळी द्या आन सोडा आमाले!"

"तुयाच डोकस्यात ताप हाय," देवराव वरून म्हणायचे. "थांब, तुयाबी कपाळाले हात लावतो."

दुसरं म्हणजे बिडी. देवराव बिडी भरपूर ओढत. पण रुईची खेप असली की निघताना बिडीचं बंडल आणि काडीपेटी माझ्या टेबलावर ठेवत. "सांभाळा बाबूजी, वापस आल्यावर घेतो." मी ते उजव्या ड्रॉवरमध्ये टाकायचो. कोऱ्या बिल्ट्या डावीकडे, देवरावांच्या बिड्या उजवीकडे. असं किती वर्षं चाललं मी मोजलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. साधनाताई, हे तुम्हाला माहीत नाही.

सत्त्याण्णव सालचा मार्च. तुमच्या बारावीचा पहिला पेपर होता. मुनेश्वरांच्या घरात बारावीला बसलेल्या तुम्ही पहिल्या. देवराव तुम्हाला शाळेत सोडून गेटवरच थांबले. पेपर सुटेपर्यंत हलणार नाही, असं त्यांनी मला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. सत्तावन्नला त्या दिवशी पन्नास गाठी घेऊन निघायचं होतं, आणि शेट सकाळपासून घाई करत होते. मी म्हटलं, त्यांचा वेळ वाचावा. मी गाडी भरून घेतली, धावजीकडून ताडपत्री टाकून दोर आवळून घेतले. यात माझा हेतू चांगला होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

गाठी देताना जिनचा फोरमन सहज बोलला होता, "परवा थोडी आग लागली होती, पण ह्या त्याच्या आधीच्या हायेत." मी मान हलवली. तारीख विचारली नाही. गाठींवर प्रेसचे नंबर असतात, ते जिनच्या तारीखवार वहीशी ताडून पाहता आले असते. फोरमन मोठा बोलका माणूस, चारचौघांत त्याला खोटं ठरवल्यासारखं होईल, म्हणून मला संकोच वाटला.

साडेतीनला देवराव आले. चेहरा फुललेला होता. "पेपर सोपा गेला म्हणते पोरगी," असं म्हणून त्यांनी बिड्या टेबलावर ठेवल्या. मग बांधलेल्या गाडीकडे पाहून थांबले.

"बाबूजी, हात फिरवला काय गाठीवर?"

मी बिल्टी लिहीत होतो. खाली पाहूनच म्हणालो, "फिरवला."

"साऱ्या?"

"हो, साऱ्या."

मी एकाही गाठीला हात लावला नव्हता. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दोर सोडायला लावले असते, हमाल कुरकुरले असते, शेट आतून बाहेर आले असते आणि मी ताडपत्री का टाकली ते सांगावं लागलं असतं. एवढंच कारण. देवरावांनी पुन्हा विचारलं नाही. मी फिरवला म्हटल्यावर त्यांनी फिरवला असंच धरलं.

पुढचं मी ऐकलेलं आहे. क्लीनर त्या दिवशी सुट्टीवर होता, देवराव एकटेच होते. पाटणबोरीच्या अलीकडे आरशात ताडपत्रीच्या कडेतून धुराची बारीक रेघ दिसली. अशा वेळी थांबून ताडपत्री उघडणं ही सगळ्यात मोठी चूक. ती त्यांनी केली नाही. रस्त्याला लागून घरं, दुकानं, माणसं होती. हॉर्न दाबून धरून त्यांनी गाव ओलांडलं, पुढे पडीक वावरात गाडी उतरवली. तोवर मागून जाळ निघाला होता. गाडी तरी वाचावी म्हणून पेटत्या गाठी ढकलून द्यायला ते दोर सोडू लागले, तेव्हा जळती ताडपत्री दोन्ही हातांवर कोसळली. सत्तावन्नचा सांगाडा तेवढा उरला.

पंधरा दिवसांनी विमा कंपनीचा माणूस ऑफिसात आला. देवरावांनाही दवाखान्यातून आणलं होतं. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. त्यांना विचारलं, "माल चेक केला होता?"

"नाही साहेब. मी उशिरा आलो."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बाबूजींनी पाहिल्या असं सांगितलं होतं, एवढं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. का नाही म्हणाले, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी स्वतःहून बोलेन, असं त्यांना वाटलं असावं.

मग त्या माणसानं मला विचारलं, "हा ड्रायव्हर बिडी ओढतो का?"

शेट माझ्याकडे बघत होते. त्या जिनवाल्याचा माल आमच्या निम्म्या गाड्यांना होता. आग गाठीतली होती असं कागदावर आलं असतं तर तो माल बंद झाला असता. हे त्यांनी मला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. "बाबूजी, आपल्याले काही झूट नाही बोलायचं. जेवढं पुछतील तेवढंच सांगायचं."

मी म्हणालो, "ओढतो."

खरंच होतं ते. त्या माणसानं लिहून घेतलं. देवरावांच्या बिड्या माझ्या गुडघ्यापाशी उजव्या ड्रॉवरमध्ये होत्या. ड्रॉवर ओढायला किती वेळ लागतो?

देवरावांना त्याच दिवशी काढलं. हायवेवर अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. वणीच्या कोळशाच्या गाड्यांवर, नागपूरच्या कंपन्यांत, जिथे जातील तिथे ते पोचायच्या आधी 'बिडीनं गाडी जाळणारा' पोचलेला असायचा. मे महिन्यात ते ऑफिसात आले. पट्ट्या निघाल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, पण स्टिअरिंग धरता येतं असं त्यांनी हवेत धरून मला दाखवलं.

"बाबूजी, मले बाकी काही नको. तुमी फक्त येवढं लिहून द्या, का देवराव रुईच्या गाडीत बिडी नेत नोता. शेटची सही नसन तरी चालते. तुमची करा. आदिलाबादचा एक मालक ठेवतो म्हणते, पण कागद मांगते."

"देतो," मी म्हणालो. "सोमवारी या."

ते सोमवारी आले. शेट बसले आहेत, असं मी डोळ्यांनी खुणावलं. पुढच्या सोमवारी म्हटलं, लेटरहेड संपले. तिसऱ्या सोमवारी मी त्यांना नाक्यावरून येताना पाहिलं आणि मागच्या दारानं गोदामात गेलो. धावजीनं त्यांना सांगितलं, "बाबूजी आज नाहीत." चौथ्या सोमवारीही ते येऊन गेले. नंतर आले नाहीत. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

मजकूर मी एका रात्रीत मनात शंभरदा लिहिला होता. तीन ओळींचा होता. पण माझी नोकरी, दोन मुलं, म्हातारी आई. कारणं सगळी खरीच होती.

त्यानंतर देवरावांनी गाडी चालवली नाही. धाब्यावर लॉऱ्यांची राखण केली, टायरच्या दुकानात हवा भरली. रुखमाबाई वीटभट्टीवर जाऊ लागल्या. साधनाताई बारावी पास झाल्या, डी.एड.चा फॉर्मही आणला होता, पण तो तसाच राहिला. त्या अंगणवाडीत लागल्या, अजून तिथेच आहेत. हे मला दुसऱ्यांकडून कळत गेलं. देवराव रस्त्यात भेटले तर "काय बाबूजी, बरं हाय ना?" म्हणत. त्यांच्या आवाजात काही वेगळं आहे का, हे मी दरवेळी शोधायचो. नसायचं. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

हायवे चौपदरी झाला, गाड्या गावाबाहेरून जाऊ लागल्या. शेट वारले, मुलांनी लॉऱ्या विकल्या. ऑफिसच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. कुणाची भीती बाळगावी असं कोणी उरलं नव्हतं. तरीही त्यानंतर चौदा वर्षं मी देवरावांकडे गेलो नाही.

मागच्या वर्षी कळलं की देवराव अंथरुणाला लागले, फुप्फुसाचं दुखणं आहे, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं आहे. त्या दिवशी मी ठरवून निघालो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांच्या घराची पायरी मी पहिल्यांदाच चढलो. खोलीत बाबासाहेबांची तसबीर, खाली खाट. देवराव उशीला टेकून बसले होते, फार बारीक झाले होते. रुखमाबाईंनी खुर्ची पुसून दिली आणि त्या आत गेल्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"लई वर्सानं, बाबूजी," देवराव म्हणाले.

"हो." मी खुर्ची खाटेजवळ ओढली. मग म्हणालो, "देवराव, त्या दिवशी मी गाठींवर हात..."

त्यांना खोकला आला. खूप वेळ खोकत राहिले. मी तांब्या उचलून दिला. पाणी पिऊन त्यांनी डोळे मिटून घेतले. मी काय बोललो ते त्यांनी ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. विचारायची माझी हिंमत झाली नाही. वाक्य अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करतो: मी गाठींवर हात फिरवला नव्हता, आणि देवराव मुनेश्वरांनी रुईच्या गाडीत कधीही बिडी नेली नाही. खाली माझी सही आहे असं समजावं. साधनाताई, छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

त्या दिवशी मी उठलो तेव्हा देवरावांनी डोळे उघडले.

"निघाले काय?"

"हो, येतो."

"जेवून जा नं. भाकर झालीच हाय."

"नको, जेवून आलो."

"बरं," देवराव म्हणाले. "मंग सावकाश जा."