जाळ्यात गुंडाळलेली सायकल

सायकल हे माणसाला स्वतंत्र करणारं सर्वांत प्रामाणिक वाहन आहे. हे वाक्य माझं नाही. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऐंशीच्या दशकात आमच्या संस्थेची सायकल कार्यशाळा होती, तिच्या भिंतीवर ते निळ्या रंगात लिहिलेलं होतं. रंगवणाऱ्याचा अंदाज चुकला, त्यामुळे 'वाहन'पाशी भिंत संपली आणि 'आहे' शेजारच्या पाण्याच्या टाकीवर गेलं. वाक्य सुचवणारे अध्यक्ष स्कूटरवरून येत.

कार्यशाळा म्हणजे एका कारखान्याचं जुनं गोदाम. मालकाने ते समाजकार्यासाठी दिलं होतं, कारण छप्पर गळत असे. संस्थेचे तीन विभाग होते : दुरुस्ती, शिक्षण आणि कला. दुरुस्ती विभागाचं तत्त्व असं की, कुणाची सायकल दुरुस्त करून द्यायची नाही. ज्याची त्याने करायची. हत्यारं संस्थेची, हात त्यांचे. आतल्या पाड्यांवरची माणसं पंक्चर झालेली सायकल ढकलत येत, तत्त्व ऐकून घेत, आमच्याकडे थोड्या काळजीने बघत आणि स्टेशनजवळच्या दुकानात जात. कारखान्यातले कामगार मात्र येत. त्यांना हत्यारं धरता येत होती आणि खोलीवर लवकर जाण्याची घाई नसे.

मला घाई नसे, म्हणूनच मी तिथे होतो. मी शाळेत शिक्षक होतो. घरात मी एकटाच उरलो होतो, आणि अध्यक्षांनी माझ्यावर शिक्षण विभाग सोपवला तेव्हा नको म्हणण्यासाठी लागते तेवढी ताकद माझ्यात नव्हती. संध्याकाळी मी कामगारांना अक्षरं आणि रस्त्याचे नियम शिकवत असे. ते मला काय शिकवत होते हे मला आठवत नाही. त्या दोन-तीन वर्षांतलं मला बरंचसं असंच आठवतं, काचेपलीकडचं दिसावं तसं.

चिंचणीची एक मासेवाली आमच्या कॉलनीत येत असे. नवरा आणि दीर होडीवर, ही विकायला. सायकलच्या कॅरियरवर एक टोपली, हँडलला दुसरी, आणि ती सायकल हातात धरून चालत येई. तिला सायकल चालवता येत नव्हती. अध्यक्षांना ही गोष्ट सहन होईना.

"बाई, तुम्ही सायकल शिका. आमचे मास्तर शिकवतील."

"कशाला?"

"म्हणजे तुम्हाला बसून येता येईल."

"मी बसले तर टोपली कुठं बसंल?"

अध्यक्षांनी पुढच्या सभेत 'महिला आणि चाक' या विषयावर भाषण केलं.

आमचंही दार तिचंच होतं. दार म्हणजे गिऱ्हाईक. ती घरं मोजत नसे, दारं मोजत असे. मासे खाणारी आमच्या घरात एकच व्यक्ती होती आणि ती दोन वर्षांपूर्वी गेली होती. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. तरी वाटा घेणं चालू राहिलं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. भांडं पुढे करायला लागत नाही. मागच्या अंगणात एक मांजर येत असे, ते पुढचं बघून घेई.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर ती कार्यशाळेत आली. समुद्र बंद होणार होता. होड्या वाळूत वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या होत्या. तिने सायकलही आणली होती. सगळ्या लोखंडाला माशाचं तेल चोपडलेलं, साखळीला जरा जास्तच, आणि वरून जुन्या जाळ्याने हँडलपासून कॅरियरपर्यंत घट्ट गुंडाळलेली. गाठी होडीवरच्या गाठींसारख्या होत्या.

"सायेब," ती अध्यक्षांना म्हणाली, "होडी वर ओढली. आता हिला पन ओढते. घरात पानी येतं, लोखंड खातं. तुमच्याकडं कोपरा सुका हाय."

"अवश्य ठेवा," अध्यक्ष म्हणाले. "संस्था तुमचीच आहे."

हे वाक्य ते प्रत्येकाला म्हणत, विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा. तिने ते खरं धरलं. गळत नसलेल्या कोपऱ्यात सायकल भिंतीला टेकवून ती गेली. नारळी पौर्णिमेपर्यंत तिचं या रस्त्याला काम नव्हतं.

त्या पावसाळ्यात संस्थेला शिल्पाची गरज भासली. पंधरा ऑगस्टला एक पुढारी येणार होते आणि त्यांच्या हस्ते काहीतरी उघडलं जाणं आवश्यक होतं. कला विभाग म्हणजे पालघरच्या एका शाळेतले चित्रकला शिक्षक. आतापर्यंत त्यांनी मडगार्डांवर कमळं रंगवून घेतली होती. आता त्यांनी गोदामाचा मागचा भाग ताडपत्रीने बंद केला आणि कलाकृती पूर्ण होईपर्यंत कुणी आत यायचं नाही असं जाहीर केलं. वेल्डिंगला एक भैया होता, कारखान्यातली पाळी संपवून येणारा. ताडपत्रीआडून निळा उजेड येई. मी अलीकडच्या बाजूला 'डावीकडून चला' शिकवत असे. मधून मधून माशाचा वास येई. बोईसरमध्ये वाऱ्यावर कसले ना कसले वास असतातच, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी आली. दर्याला नारळ वाहिला गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती सायकल न्यायला आली. कोपरा रिकामा होता.

"सायकल कुठं हाय माजी?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी कोपऱ्याकडे पाहिलं. भैयाने हातातली पकड खाली ठेवली.

"वो जाल वाली? आपका था? हमको तो बोला कबाड है," तो म्हणाला आणि त्याने ताडपत्री बाजूला सारली.

एक लोखंडी खांब होता. त्याभोवती चाकं, साखळ्या, पायडल यांचा वेल चढत गेला होता, आणि सगळ्यांत वर, पुढचं चाक आभाळाकडे करून, तिची सायकल डकवलेली होती. जाळं तसंच ठेवलेलं; फक्त पुढून फाडून चाक बाहेर काढलं होतं. खाली पाटीवर लिहिलं होतं, 'झेप'.

चित्रकला शिक्षकांना बोलावणं गेलं. त्यांची बाजू सरळ होती. पावसाळाभर जिच्याकडे कुणी फिरकलं नाही, जिला चिकट घाण फासलेली आहे आणि जी फाटक्या जाळ्यात गुंडाळून टाकलेली आहे, ती सायकल बेवारस नाही तर काय?

"टाकलेली?" ती म्हणाली. "टाकायची असती तर तेल कशाला लावलं असतं, मेल्या? तुज्या घरात पोराला तेल लावून टाकतात काय?"

भैया हसला आणि लगेच थांबला. शिक्षकांनी समजावून सांगितलं की जाळ्यातून निसटणारं चाक हाच सगळ्या रचनेचा आशय आहे.

"आशय ठेव तुजा. माजी सायकल उतरव."

मग अध्यक्ष आले. त्यांना तिचं म्हणणं पटलं, आणि ज्या गोष्टी त्यांना पटत त्यांचा ते ठराव करत. समारंभ झाला की सायकल उतरवण्यात यावी, असं ठरलं.

"सायेब, होड्या उद्या येतील," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पुनवेनंतर पयल्या हप्त्यात जो दारात दिसंल, त्याचंच दार वरीसभर. डोक्यावर एक टोपली येती. आन वझ्यानं थांबत थांबत येईपत्तूर कॉलनीच्या बायका मसाला वाटून बसतात. आता लुनावाला झालाय एक, बर्फाची पेटी लावून. त्यो काय माज्यासाठी थांबनार हाय?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तेच सांगते मी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आत्ताच उतरवली तर बरं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. इतरांना तो बहुधा ऐकूच आला नाही. अध्यक्षांनी माझी सूचना नोंदवून घेतो असं सांगितलं. ती टोपलीतलं चुंबळीचं फडकं झटकून निघून गेली.

पुढचे दिवस ती डोक्यावर टोपली घेऊन आली. मी शाळेतून दुपारी घरी येई तेव्हा ती कॉलनीत शिरत असे. तोवर ओट्यांवर खवले पडलेले असत आणि लुनाच्या चाकांचे माग वळून गेलेले असत. बायका तिला म्हणत, "अगो, आजच्यापुरतं घेतलं हो त्याच्याकडून." त्या खोटं बोलत नव्हत्या. रोज आजच होता.

पंधरा ऑगस्टला पुढारी उशिरा आले. पडदा ओढला गेला. टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी मान वर करून शिल्पाकडे पाहिलं आणि त्यांना ते लगेच समजलं.

"ही सायकल थांबलेली नाही!" ते म्हणाले. "ही सायकल धावते आहे!"

"कुठं धावते?" मागून आवाज आला. "टांगून ठेवलीय तिला!"

ती टोपली घेऊनच आली होती. कामगारांमध्ये हशा पिकला. पुढाऱ्यांना वाटलं की आपल्या बोलण्याला दाद मिळते आहे, त्यामुळे ते आणखी बराच वेळ बोलले. मग चहा झाला, आभार झाले, आणि आभारांचे आभार झाले.

गाड्या गेल्यावर भैयाने शिडी लावली. सायकल उतरवायला समारंभाच्या मानाने अगदीच कमी वेळ लागला. मधल्या दांड्याला वेल्डिंगचे काळे डाग राहिले होते, बाकी काही बिघडलं नव्हतं. तेलामुळे गंज कुठेच धरला नव्हता. फाडलेलं जाळं तिने घडी करून टोपलीत टाकलं. अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा कधीही आणा, संस्था तुमचीच आहे." सायकल हातात धरून ती चिंचणीच्या दिशेने चालू लागली.

शिल्प तसंच राहिलं. पुढे बाहेरगावचे पाहुणे आले की चित्रकला शिक्षक वरची रिकामी जागा दाखवत. उडून गेलेल्या चाकाची ती जाणीव आहे, असं ते सांगत आणि पाहुणे माना डोलवत. काही वर्षांत छप्पर सगळीकडूनच गळू लागलं आणि संस्था बंद झाली. टाकीवरचं 'आहे' नंतरही बरेच दिवस दिसत होतं.

ती मासेवाली त्या वर्षी उमरोळीकडच्या गावांत फिरू लागली, असं ऐकलं. ते लांब पडतं. पण कॉलनीतली तिची दारं लुनावाल्याकडे गेली होती, एक सोडून. त्या एका दारासाठी ती आठवड्यातून एकदा वाट वाकडी करून सायकल ढकलत येत असे, आणि येताना म्हणे, "तुमी तेवढं आमचं दार राखलं, मास्तर."

ते दार आमचं होतं. मासे मांजर खात असे.