गाडी आधी मुक्ताला शोधते

नाशिकहून शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. कसारा घाट उतरेपर्यंत फोन गाडीला चार वेळा जोडला गेला आणि चार वेळा तुटला. जोडला गेला की डॅशबोर्डवरच्या पडद्यावर नकाशा येई. तुटला की पडदा काळा होई आणि त्यात माझा चष्मा दिसे.

काम साधं होतं. थोरली बहीण सुमाताई जानेवारीत गेली. गिरगावातली तिची चाळ शेजारच्या चाळींसकट पुनर्बांधणीसाठी रिकामी होत होती. रविवारी दुपारपर्यंत खोलीची किल्ली चाळ कमिटीकडे द्यायची, त्याआधी सामान आवरायचं, हवं ते गाडीत घालायचं आणि परत यायचं.

काळजी होती ती फोनची. मुलगी मुक्ता मेलबर्नला असते. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन येतो. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी मी गाडी काढून गंगापूर धरणापर्यंत जातो. तिथे काम काही नसतं. गेले तीन रविवार तिचा फोन मी गाडीतच घेतला आणि तिन्ही वेळा तेच झालं. फोन उचलला जाई, पडद्यावर सेकंद पळत, आवाज मात्र येत नसे. माझाही तिला जात नव्हता. दोष गाडीचा की फोनचा, ते कळत नव्हतं. तिसऱ्या रविवारनंतर तिचा मेसेज आला : 'बाबा, तू बिझी असतोस बहुतेक. या रविवारी परत करते. एक विचारायचंय. नाहीच जमलं तर यापुढे मेसेजवरच बोलत जाऊ.'

मी उत्तर लिहिलं : 'नक्की बोलू. गिरगावात खोली आवरायला आपली चार माणसं येतायत, काळजी नको.'

हे लिहिताना मी घरात एकटा होतो. गिरगावात माझ्या ओळखीचं कोणी उरलेलं नव्हतं.

फ्रीवेवरून कॉटन ग्रीनच्या गोदामांची लांबलचक छपरं दिसली. उतरल्यावर रहदारीत पाऊण तास गेला आणि साडेअकराला मी वाडीत (एका समाईक चौकाभोवती उभ्या असलेल्या चाळींचा समूह) शिरलो. चौकात गाड्या एकीमागे एक अशा लावलेल्या होत्या की पहिली बाहेर काढायची तर मागच्या तीन हलवाव्या लागाव्यात. वाडीच्या तोंडाशी गावकर यांचं इस्त्रीचं दुकान. वय साठीच्या पुढे, मूळ गाव देवगडकडे. चौकातल्या गाड्यांची व्यवस्था त्यांच्याकडे.

"ताईंचे भाऊ ना तुम्ही? नाकावरून ओळखलं," ते म्हणाले. "गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा आणि जावा वर. कुणाला काढायची असली की आम्ही ढकलतो."

ही तिथली रीत. रात्री वाडीतल्या सगळ्या गाड्या हँडब्रेक न लावता उभ्या असतात. माझी गाडी ऑटोमॅटिक होती आणि किल्ली काढली की तिची चाकं जागची हलत नाहीत. तसं मी सांगितलं.

"म्हणजे चार माणसं लावली तरी नाय?"

"नाही."

"एवढे पैसे दिलेत आणि ढकलता पण येत नाय," गावकर म्हणाले. "मग किल्ली ठेवून जावा. लागली तर मी चालू करून मागेपुढे घेईन." इस्त्रीच्या टेबलामागे फळीवर खिळे मारलेले होते. पाचव्या खिळ्याला माझी किल्ली लागली. आवरायला दोन माणसं देऊ का, असं त्यांनी विचारलं. माझी माणसं येतायत, असं मी म्हणालो.

ताईची खोली पहिल्या मजल्यावर, चौकाच्या बाजूला. गॅलरीत उभं राहिलं की खाली गाड्यांचे टप अगदी जवळ दिसतात. शुक्रवारचा दिवस डबे रिकामे करण्यात गेला. ताई आयुष्यभर शिवणाचे वर्ग घेत होती. बटणांचे अकरा डबे निघाले.

शनिवारी फोनच्या मागे लागलो. आधी लॅमिंग्टन रोड. फुटपाथवरच्या टेबलावरचा विक्रेता माझी केबल बोटावर गुंडाळत म्हणाला, "अंकल, ही फक्त चार्जिंगची आहे. हिच्यातून करंट जातो, बात नाही जात." मी नवी केबल घेतली. नाना चौकाच्या सिग्नलपर्यंत नकाशा टिकला, पुढे पडदा काळा. परत गेलो तर त्याने हात जोडले. "मग बीमारी गाडीत आहे. लालबागला जा."

लालबागमध्ये मे महिन्यात मिरची कांडणाऱ्या डंकांचा (मसाला कुटायच्या यंत्रांचा) हंगाम असतो. रस्त्याला वळतानाच शिंका सुरू होतात. मसाल्याच्या एका दुकानामागे गाड्यांच्या स्टिरिओचा गाळा सापडला. तो शीतल नावाची तिशीतली बाई चालवते. गळ्यात मंगळसूत्र, तोंडावर ओढणी, हातात टॉर्च. तिने फोन उलटा केला, चार्जिंगच्या खाचेत टाचणी घातली आणि राखाडी कापसाचा एक गोळा बाहेर काढला.

"काका, हे बघा. शर्टाच्या खिशातलं भूस. किती वर्षं साठवलंय?"

"चार."

"उशी शिवायला घेतली होती काय?" ती गाडीत बसली. तिची बोटं पडद्यावर भराभर फिरली. "आणि तुमचा फोन गाडीशी दोन रस्त्यांनी बोलतोय. वायरने पण आणि ब्लूटूथने पण. आवाज कुठून घ्यायचा ते गाडीला कळत नाही. आपण सगळं पुसून परत जोडू." मग ती थांबली. "ह्या यादीत अजून एक फोन आहे. मुक्ताज् फोन. हा कोणाचा?"

"मुलीचा. दोन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा जोडला होता."

"हा पहिल्या नंबरला सेट केलाय. गाडी चालू केली की आधी ती मुक्ताला शोधते. ती नाही सापडली की मग तुमच्याकडे येते. म्हणून दर वेळी उशीर होतो."

ही माहिती मला नवी होती. दोन वर्षं रोज सकाळी हे होत होतं.

"काढू?" शीतलने विचारलं.

मी यादीतलं ते नाव पुन्हा वाचलं. मागे डंक चालूच होते.

"काढा," मी म्हणालो.

तिने काढला. माझा फोन जोडला. कुठलं बटण दाबलं की आवाज गाडीतून फोनवर येतो आणि फोनवरून परत गाडीत जातो, ते दोनदा करून दाखवलं. "आता तुम्हाला हात लावायची गरज नाही. गाडी चालू झाली रे झाली की आपोआप जोडणार. कोणाला तरी फोन लावा, चेक करू."

मी नावांची यादी उघडली. वर ढकलत गेलो, खाली ढकलत आलो. शनिवारी दुपारी अडीच वाजता, काही काम नसताना, नुसता आवाज तपासण्यासाठी फोन करता येईल असं नाव शोधत होतो. शीतल वाट पाहत होती. मग तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःचा नंबर दाबला. "मलाच लावा," ती म्हणाली आणि ओढणी सावरत रस्त्यापलीकडे गेली.

"हॅलो, हॅलो! काका, आवाज येतोय?" गाडीभर तिचा आवाज आला. मागोमाग तिची शिंक.

"येतोय. स्वच्छ."

"मग बोला काहीतरी. एक मिनिट तरी चालू राहायला पाहिजे."

मी तिला बटणांच्या अकरा डब्यांबद्दल सांगितलं. पलीकडच्या फुटपाथवरून ती मान हलवत होती. एक मिनिट वीस सेकंद आवाज तुटला नाही.

परळच्या पुलावरून दादरला गेलो, एका जुन्या उपाहारगृहात थालीपीठ खाल्लं. टेबल चौघांचं होतं. वेटरने उरलेल्या तीन खुर्च्या शेजारच्या टेबलाला दिल्या. संध्याकाळी गिरगावात परतल्यावर किल्ली पुन्हा पाचव्या खिळ्याला लावली.

रविवारी सकाळी चहा गावकरांकडे झाला. सव्वादहापर्यंत ताईच्या शिलाई मशीनचं वरचं लोखंडी डोकं पायापासून सुटं केलं. पावणेअकराला हात धुतले आणि रिकाम्या खोलीत पेटीवर बसलो. गाडीशी आता संबंध नव्हता, ती खाली बंद होती. फोन हातात होता. अकराला दोन मिनिटं असताना रिंग वाजली. मुक्ताचं नाव आलं. माझं बोट पडण्याआधीच फोन उचलला गेला.

"मुक्ता? हॅलो?"

आवाज नाही. सेकंद पळत होते : सात, आठ, नऊ. मी फोन कानाशी दाबला, दूर धरला, पुन्हा कानाशी नेला. तीन रविवार जे झालं तेच होत होतं. चौथ्यांदाही तेच झालं तर यापुढे मेसेजवर जायचं ठरलेलं होतं.

आणि मग मुक्ताचा आवाज आला. फोनमधून नव्हे, चौकातून.

"बाबा? ऐकू येतंय का?"

मी गॅलरीत गेलो. खाली माझी गाडी चालू होती. चारही काचा उघड्या. समोरच्या चाळीतला टेम्पो बाहेर काढायचा होता म्हणून गावकरांनी ती मागे घेतली होती. ती चालू झाली रे झाली, माझा फोन तिला जोडला गेला होता. दुरुस्ती अगदी पक्की झाली होती.

"येतंय, येतंय! पण मी बाबा नाय, गावकर. इस्त्रीवाला." ते डॅशबोर्डकडे वाकून ओरडत होते. "रिंग बंद करायला बटण दाबलं, तर तुम्हीच बोलायला लागलात!"

मुक्ता हसली. ते हसणं मी बऱ्याच महिन्यांनी ऐकलं. "काका, बाबा बरे आहेत ना?"

"बरे हायत. वर खोलीत हायत. हाक मारू?"

"थांबा. खोली आवरायला किती जण आलेत हो?"

"किती म्हणजे? तुमचे बाबा."

"आणि?"

"आणि कोण? तीन दिवस एकटेच वरखाली करतायत. मी दोन माणसं देतो म्हटलं, तर म्हणाले माझी माणसं येतायत. कोण दिसली नाय अजून."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. गावकरांनी त्याला हाताने थांबवलं.

"मला त्यांना विचारायचं होतं, डिसेंबरात येऊ का," मुक्ता म्हणाली. "दर वेळी विचारलं की म्हणतात, कशाला, इथे माणसं आहेत. मग वाटतं, आपली अडचणच व्हायची."

"विचारता कशाला? यायचं!" गावकर म्हणाले.

आवाज फोनवर घ्यायचं बटण मला माहीत होतं. अंगठा त्याच्यावरच होता. समोरचा बोलत असेल तर त्याला मध्ये तोडायचं नाही, हे मी पस्तीस वर्षं नव्या वार्ताहरांना सांगत आलो. तीन मिनिटं दहा सेकंद झाल्यावर मी बटण दाबलं.

"मुक्ता."

"बाबा! तू ऐकत होतास?"

"हो. गॅलरीतून."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग आता तू सांग. तिथे कोण कोण आहे?"

चुकीची बातमी छापली गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो. बातमी अर्धं पान असली तरी खुलासा दोन ओळींचा असतो.

"कोणी नाही," मी म्हणालो. "मी लिहिलं ते खरं नव्हतं."

"आणि नाशिकला?"

"तिथेही कोणी नाही."

"डिसेंबरात येऊ का?"

"ये."

खालून गावकर ओरडले, "भाऊ! तुटला वाटतं! पोरगी गेली!"

"नाही गेली, इकडे आहे," मी कानाकडे बोट दाखवून म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि टेम्पोला वाट करून दिली.

एकला खोलीची किल्ली कमिटीच्या माणसाला दिली. मशीनचं डोकं खाली उतरवताना गावकरांनी दुसरी बाजू धरली. डिकी बटणांच्या डब्यांनी भरली होती, म्हणून ते चालकाशेजारच्या सीटवर ठेवलं. गाडीची किल्ली देताना ते म्हणाले, "डिसेंबरात तिला घेऊन या. पण गाडी ढकलायची आणा." वाडी तेव्हा उभी नसेल, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

वाडीतून बाहेर पडताच गाडीत टिटिट असा आवाज सुरू झाला. ठाणे गेलं, शहापूर गेलं, तो अधूनमधून येतच राहिला. चारच्या सुमारास घाटाआधी मुक्ताचा फोन आला. आठवड्यात दुसरा.

"बाबा, तो आवाज कसला?"

"शेजारच्या सीटवर आत्याच्या मशीनचं डोकं आहे. ते जड आहे. गाडीला वाटतं कोणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही."

"मग लाव ना पट्टा."

गाडी कडेला घेतली आणि मशीनला पट्टा लावला. आवाज थांबला. पुढे आम्ही दोघेही फारसं बोललो नाही. तिच्याकडे भांड्यांचा आवाज येत होता, पडद्यावर सेकंद पळत होते. घाटात रेंज गेली तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती.

डिसेंबरात मुक्ताचा फोन गाडीला नव्याने जोडावा लागेल. कृती शीतलने सांगितली होती, ती मी वहीत उतरवून ठेवली आहे : आधी दोघांनी एकमेकांना दिसेल असं राहायचं. मग दोन्हीकडे एक आकडा येतो. तो सारखाच आहे ना, ते पाहायचं. आणि दोन्हीकडून 'हो' म्हणायचं. एकाने म्हणून चालत नाही.