शिकाऱ्याचे ताट

हरताळाच्या दुपारी फणसवाडीत इतकी शांतता पसरे की टाक दौतीच्या काठाला टेकवल्याचा आवाजही ऐकू येई. ट्राम बंद, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, आणि समोरच्या गच्चीत वाळणाऱ्या धोतरांमधून गाळून आलेले पौषातले मऊ ऊन माझ्या टेबलावरच्या कागदांवर येऊन बसे. चिनी शाईचा तो किंचित कापरासारखा वास अजूनही कुठे आला, की मला त्या दुपारी आठवतात आणि तेव्हा माझ्यासमोरच्या पानावर बसलेला शिकारी आठवतो.

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आपला हात मला दिला. ‘ळ’ काढताना डावे वाटोळे ते थोडे मोठे ठेवीत; म्हणत, जुळ्यांतही एक थोरले असतेच. ते गेल्यावर खोली उरली, हात उरला आणि मुलांच्या एका साप्ताहिकाचे काम मिळाले. परदेशी चित्रकथेची पाने बोलण्याचे फुगे कोरे करून येत. संपादक नाना मराठी मजकूर देत आणि मी तो फुग्यांत लिही. कथेचा नायक आकाशात उडणारा, छातीवर चिन्ह मिरवणारा, साऱ्या शहराचा लाडका. त्याच्या मागावर असे तो शिकारी: गळ्याशी बिबळ्याचे कातडे, खांद्यावर जाळे, आणि जो मोल देईल त्याच्यासाठी हवा तो माणूस शोधून आणण्याचा धंदा. भाडोत्री मनुष्य. मीही पानामागे मजुरी घेत होते, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला फारसा नव्हता.

नाना कमी शब्दांचे. शिकाऱ्याच्या भल्यामोठ्या फुग्यासाठी त्यांनी एकदा “तुला सोडणार नाही” एवढेच लिहून दिले, आणि अर्धा फुगा मोकळा राहिला. “ओकेबोके दिसते,” ते म्हणाले, “घाला काहीतरी तुमच्या मनाने.” मी घातले. “माझी वाट पाहणारे कोणी नाही, म्हणून मला कधी उशीर होत नाही.” नानांनी चष्म्यावरून पाहिले आणि पान छापायला धाडले. पुढे मला ती चटकच लागली. नायकाच्या फुग्यांना मी हात लावत नसे, तिथे नानांचेच शब्द शोभत. पण शिकारी डोंगरकड्यावर एकटा जाळे दुरुस्त करीत बसला, की त्याच्या तोंडून मी बोले. एकदा तो म्हणाला, “ज्यांना मी पकडतो त्यांना शोधणारा निदान मी तरी असतो. मला कोण शोधणार?” हे लिहून झाल्यावर मी टाक पुसला आणि जेवायला उठले, तेव्हा भात निवून गेला होता.

त्या वर्षांत मुंबईसह मराठी राज्य हवे, असे सारे गिरगाव एका कंठाने म्हणत होते. मिरवणुकीचे फलक रंगवून घ्यायला वाडीतली मंडळी माझ्याकडे येत, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतून मला माझीच अक्षरे हजारो माणसांच्या डोक्यांवरून जाताना दिसत. मी खाली उतरत नसे. मागणी माझीही होती. पण गर्दीत शिरायला ओळखीचा एखादा खांदा लागतो, तो मला नव्हता. फलक कोपऱ्यावर वळले की मी खिडकी लावून घेई.

अशात एके दिवशी नानांनी एक कार्ड माझ्यापुढे टाकले. शिकाऱ्याच्या नावाने आले होते. “माझा लेक सत्याग्रहात गेला, तुरुंगात आहे. त्याचे ताट मोकळे असते. तुमची वाट पाहणारे कोणी नाही म्हणता, तर रविवारी दुपारी जेवायला या. सोनाबाई, बीडीडी चाळ, वरळी.” नानांना हसू आवरेना. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या कार्डावरचा प्रत्येक ‘ळ’ माझ्या ‘ळ’सारखाच डावीकडे थोरला होता.

मी गेले. का गेले, ते आजही नीट सांगता येणार नाही. सोनाबाई गिरणीत कामाला जाणारी, पन्नाशीची, रेखीव चेहऱ्याची बाई. भिंतीवर बुद्धाचे नवे चित्र होते, त्याखाली आमच्या साप्ताहिकाचे अंक नीट रचलेले होते आणि चुलीवर भाकरी फुगत होती.

“मी शिकाऱ्याकडून आले,” मी म्हटले.

तिने माझ्या पाठीमागे, थेट जिन्यापर्यंत पाहिले. “त्यो न्हाई आला?”

“नाही.”

“मग बसा. ताट वाया कशापायी घालवायचं?” पाण्याचा तांब्या पुढे करता करता तिचा हात मध्येच थांबला. “आमच्यातलं पानी चालंल न्हवं तुमाला?”

मला एकदम कळले, की शिकाऱ्याला जात नव्हती, म्हणून तिने त्याला एवढ्या निर्धास्तपणे बोलावले होते. मी पाणी प्याले. पण त्या आधी क्षणभर थांबले होते आणि ते थांबणे तिने पाहिले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

जेवताना ती म्हणाली, लेकाने रात्रीच्या वर्गात तिचे नाव घातले. पण पुस्तकातली अक्षरे मुंग्यांसारखी दिसत, म्हणून फुग्यांतली मोठी अक्षरे गिरवूनच ती शिकली. ती अक्षरे माझी, हे सांगायला मी तोंड उघडले आणि भाकरीचा घास घेतला. शिकाऱ्याच्या मरणाचे पान मी आदल्याच दिवशी लिहून दिले होते; गुरुवारी ते छापून येणार होते. निघताना तिने पाटी पुढे केली. “त्याचा निरोप ल्हून ठेवा. लेक आला की दाविन.” मी लिहिले, “जेवण आवडले. वेळ मिळाला की येईन.” परतताना वाटेत चपलेचा अंगठा तुटला आणि मी पाय फरफटत घरी आले.

गुरुवारी शिकारी दरीत कोसळला. त्याच्या शेवटच्या फुग्यात मी स्वतःचे काहीच घातले नव्हते. गल्लीत पोरांनी टाळ्या पिटल्या. पुढच्या आठवड्यात दुसरे कार्ड आले. त्यावर वर लिहिले होते, “फुग्यात लिहिणाऱ्या बाईस”.

“शिकारी गेला ते वाचले. पाटी पुसली नाही. तुमचे अक्षर मला ठाऊक आहे, मी त्याच्यावरच शिकले. रविवारी तुम्ही या. पाणी चालेल का, असे आता विचारणार नाही.”

दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालून आपण नीट लपलो आहोत, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. आणि वरळीच्या एका बाईने नुकत्याच शिकलेल्या अक्षरांवरून माझा माग काढला होता. मला रडू आले, आणि ते बरेही वाटले.

शनिवारी संध्याकाळी मी चपलेचा अंगठा शिवून आणला.